नहर संपतो तिथला गहू

संक्रांत उलटली की वर्ध्याहून केळझरकडे जाणाऱ्या एसटीत मी खिडकीची जागा धरते. सेलू मागे पडल्यावर एका लहानशा पुलावरून बस नहर, म्हणजे कालवा, ओलांडते. पूल इतका लहान, की डोळ्यात धूळ गेली आणि आपण डोळे चोळत बसलो तर तो निसटून जाईल. पण पुलाच्या आधी वास येतो. वाळल्या गवतावर गार पाणी चढलं की येतो तसा, थोडा शेवाळाचा, थोडा चिखलाचा. केळझरच्या गणपतीला निघालेल्या बाया दुर्वांच्या जुड्या मांडीवर घेऊन बोलत असतात, कंडक्टर तिकिटं फाडत असतो, आणि त्या वासासरशी मी एकटीच खिडकीबाहेर वाकते.

तिथं नहर काठोकाठ भरलेला असतो. बोर धरणाचं पाणी, हिरवट, जड, घाई नसलेलं. ते पाहून शेतकऱ्याच्या मुलीला आनंद व्हायला हवा. मला चीड येते. कारण त्या पुलापासून आमचं गाव बरंच पुढं आहे, आणि इथं भरलेल्या नहराचा तिथल्या पाण्याशी काही संबंध नसतो, हे मला आता ठाऊक झालं आहे.

नहराच्या नकाशात आमचं गाव अगदी शेवटी आहे. मोठ्या नहरातून एक लहान नहर फुटतो, त्यातून पाटचाऱ्या फुटतात, आणि त्यातल्या शेवटच्या पाटचारीच्या शेवटी आमचं वावर. ऑफिसातले लोक त्याला ‘टेल’ म्हणतात. आमच्याकडंही तोच शब्द रुळला आहे. ‘टेलवाले’ म्हटलं की आमचं सगळं गाव त्यात येतं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो मानाचा वाटला होता.

यंदा ही चीड जरा जास्तच वर आली, त्याला कारण भूगोलाचा तास. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिपरी मेघे इथं मावशीकडे राहते, पायी कॉलेजला जाते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात काही बोलायचं तर आधी मनात तीनदा म्हणून पाहते. सरांनी ‘आपल्या भागातील एक धरण आणि त्याचे फायदे’ असा निबंध लिहून आणायला सांगितला. फळ्यावर बोर धरणाचा नकाशा काढला. निळ्या खडूनं जलाशय, पांढऱ्या खडूनं नहर, आणि नहराच्या दोन्ही बाजूंना हिरव्या खडूनं लाभक्षेत्र. हिरवा खडू रेघेच्या शेवटापर्यंत गेला. आमचं गावही त्यात हिरवं झालं.

मी हात वर केला. म्हटलं, सर, तिथपर्यंत पाणी येत नाही. सर चांगले आहेत, रागावले नाहीत. व्यवस्थापनाचा प्रश्न वेगळा, म्हणाले, तो आपल्या पेपरला नाही. मी खाली बसले. 

धरण मी पाहिलं आहे. लहान होते तेव्हा बाबांनी मला मुद्दाम हिंगणीकडून नेलं होतं. मागं रानाचे डोंगर, पुढं पाणीच पाणी, आणि मध्ये मातीची ती लांबच लांब भिंत. भिंत बांधली जात होती तेव्हा बाबा तिथं मजुरीला होते. त्यांनी मला भिंतीच्या एका भागाकडं बोट करून सांगितलं, की माझ्या टोपल्याची माती सांडव्याच्या त्या अंगाला आहे. एखाद्यानं आपलं घर दाखवावं तसं. मी विचारलं होतं, एवढं पाणी आपल्या वावरात येईल का. ते हसले होते.

“येईन नाई तं काय. पानी उताराले येते, बाई.”

त्या वाक्यावर त्यांनी बरंच काही केलं. आमचं वावर कोरडवाहू होतं, कपाशीची पऱ्हाटी आणि तूर घेणारं. पाटचारी आमच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, खणून झाली, तेव्हा बाबांनी दोन एकर सपाट करायला घेतलं. दोन उन्हाळे ते आणि माय माती ओढत होते. उंचवटा खरवडायचा, खोलगटात टाकायचा, पाणी सोडलं तर ते सगळीकडं सारखं फिरेल का हे डोळा जमिनीला लावून पाहायचं. ओलिताची जमीन कसणारा माणूस म्हणून त्यांना ओळखलं जावं, असं त्यांना फार वाटायचं. आमच्या चुलीवर घरच्या गव्हाची पोळी व्हावी, एवढंच मायचं म्हणणं होतं.

ज्या मोसमाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षी मी दहावीत होते. मॅट्रिक जाऊन दहावी आली होती, अभ्यासक्रम नवा, पुस्तकांना अजून छापखान्याचा वास. दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना सही शिकवली. नहराच्या ऑफिसात पाण्याचा अर्ज द्यायला गेल्यावर त्यांना दर वेळी अंगठा उठवावा लागायचा, आणि मग शाई पुसायला काही नसायचं. सगळे तिथल्या भिंतीला अंगठा पुसत. त्या भिंतीवर निळ्या बोटांचा पट्टाच उमटला होता. बाबांना त्या भिंतीची लाज वाटायची. अंगठा न पुसताच ते घरी यायचे आणि राखेनं घासत बसायचे.

त्यांचं नाव लक्ष्मण. ‘ल’ दोन दिवसांत आला. ‘क्ष्म’ला ते गाठ म्हणायचे. सकाळी बैल सोडण्याआधी अंगणात काडीनं गाठ मारून पाहायची, चुकली की पायानं पुसायची. मायनं शेण टाकायला घेतलं की ओरडायचे, थांब, माहा क्ष वाळू दे. बारा दिवस लागले. सही आल्यावर तिच्याखाली एक आडवी रेघ मारायला मी शिकवली, कारण आमचे हेडमास्तर तशी मारायचे. ती रेघ त्यांना सहीहून जास्त आवडली.

त्या हिवाळ्याचे वास मला अजून वेगवेगळे आठवतात. ओल्या तुरीच्या सोल्याच्या भाजीचा, हरभऱ्याच्या आंबटगार पाल्याचा, बैलबंडीच्या चाकाला लावलेल्या वंगणाचा. पाण्याची पहिली पाळी आली, दुसरी आली, पातळ का होईना आली. गहू गुडघ्याच्या वर गेला. संक्रांतीनंतर तो पोटरीत आला, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आत, पण हात लावला तर आतलं जडपण बोटांना कळावं. त्या वेळी एक पाणी हवंच हवं. ते मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर जे होतं त्याला गहू म्हणायचं एवढंच.

तिसऱ्या पाळीच्या आधी नत्थूकाका आले. नत्थूकाका नहराचे चौकीदार. सायकलच्या कॅरियरला रजिस्टर बांधलेलं, लाल कापडी पाठीचं. त्यात प्रत्येक वावराच्या नावापुढं ‘पाणी मिळाले’ म्हणून सही घ्यायची असते. आता ही गोष्ट आमच्याकडं कशी होती ते सांगायला हवं. सही पाणी मिळाल्यावर द्यायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती पाणी यायच्या आधीच द्यायची हा रिवाज होता. टेलपर्यंत सायकल हाणत येणारा माणूस, तो पुन्हा कशाला येईल? तो पाहुणाच. त्याला चहा द्यायचा, आणि तो परत जाताना रजिस्टर कोरं पाठवायचं नाही. पाणी तर येणारच आहे, मग त्याच्यावर अविश्वास का दाखवायचा? कोणी नाही म्हटलं असतं तर गावातच त्याला नावं ठेवली असती.

नत्थूकाकांनी शाईचा डबा उघडला, तेव्हा बाबांनी तो बाजूला सारला. मला हाक मारून माझा पेन मागितला. ओसरीवर चार माणसं होती. बाबा बैठक मारून बसले, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि सावकाश, गाठीसकट, आडव्या रेघेसकट, सही केली. नत्थूकाका म्हणाले, “लक्ष्मनभाऊ, तुमी तं साहेबच झाले लेका.” सगळे हसले. मीही हसले. माझ्याइतकं तर कोणीच हसलं नसेल.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे पाटचारीवर होतो. बाबा आणि मायनं आदल्या दिवशी तिच्यातलं गवत काढून ती आरशासारखी केली होती. मी धुऱ्यावर विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसले होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या बाजूला बगळे उतरले, आणि माय म्हणाली, आलं. पाणी येतं तेव्हा आधी फेस येतो, काड्या आणि वाळली पानं पुढं ढकलत. त्यामागं एक पातळ जीभ, भेगांमध्ये थांबत, त्या भरत, पुन्हा सरकत. माती ते पिताना बारीक आवाज करते. ती जीभ आमच्या वरच्या शेजाऱ्याच्या वावराच्या मोरीपर्यंत, म्हणजे बांधाखालच्या नळापर्यंत, आली. तिथं थांबली. आम्ही उभे राहून पाहत होतो. बाबांनी वाकून हातानं वाट करून दिली, जसं एखाद्या लाजऱ्या वासराला पुढं करावं. पण मागून जोर नव्हता. संध्याकाळपर्यंत त्या पाण्याची नुसती ओल उरली.

वर काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. वरच्या गावांतल्या लोकांनी पाणी वळवलं होतं. त्यांच्या संत्र्याच्या बागा होत्या, त्यांनाही पाणी कमीच पडत असेल. त्यांचा दोष किती आणि न पाहणाऱ्यांचा किती, हे मला अजून ठरवता येत नाही. पाणी उताराला येतं, हे बाबांचं म्हणणं खरं होतं. उतारावर माणसं राहतात, एवढं त्यांनी धरलं नव्हतं.

नहराच्या ऑफिसात तक्रार सांगायला बाबांबरोबर मी गेले. लिहिता-वाचता येणारी म्हणून. भिंतीवर निळा पट्टा तसाच होता, आणि त्याच्या वर रंगानं लिहिलेली पाटी होती, पाणी टेलकडून सुरू करून मुखाकडे द्यावे अशा अर्थाची. ती मी दोनदा वाचली. साहेबांनी आमचं अर्धंमुर्धं ऐकलं, रजिस्टर मागवलं, पान काढलं.

“ही सही कोणाची?”

“माही,” बाबा म्हणाले. आणि मला हे लिहिताना अजून त्रास होतो, की ते थोड्या अभिमानानं म्हणाले. सवयीनं. सहीबद्दल विचारलं की तसं म्हणायचं त्यांना ठाऊक होतं.

“मग पाणी मिळाल्याचं तुम्हीच लिहून दिलंय की.”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मला सगळं सांगता आलं असतं. सही आधीच घेतात हे, पाणी कुठपर्यंत आलं हे, पाटीवर काय लिहिलंय हे. शाळेत मी वक्तृत्वात बोलले होते. तिथं मी नुसती ती पाटी तिसऱ्यांदा वाचली. साहेबांनी रजिस्टर मिटलं, ते फार हळू मिटलं, काही तोडून बोलले नाहीत. त्यांनी अपमान केला असता तर निदान रागावता आलं असतं.

परतताना बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, अंगठा असता तर माझा नाही म्हणता आलं असतं. आणि हसले. मी हसू शकले नाही. घरी आल्यावर मायला आमच्या चालण्यावरूनच कळलं. त्या रात्रीच्या जेवणात बाबा मला म्हणाले, आता पाणी आल्याबिगर सही नाई. मी त्याला वचन समजले.

गहू निघाला. दाणा चिमलेला, हातात घेतला तर हलका, दळला तर कोंडाच जास्त. त्याच्या पोळ्या मायनं केल्या. त्या फुगल्या नाहीत. माझी दहावीची परीक्षा त्याच पोळ्या डब्यात नेऊन झाली. भूगोलाच्या पेपरात सिंचनाचे फायदे आले होते. मी सहाच्या सहा लिहिले. चांगले गुण मिळाले.

त्याला आता चार वर्षं झाली. मध्ये दर हिवाळ्यात मी वर्ध्यात असायचे, घरी सणावाराला जायचे. गहू कधी बरा व्हायचा, कधी नाही. ज्या वर्षी उशिरा पाऊस पडला त्या वर्षी चांगला झाला. मी मानून चालले होते, की निदान रजिस्टरवर आता खोटं लिहिलं जात नाही. त्या एका गोष्टीचं मला समाधान होतं.

गेल्या रविवारी मी घरी होते. निबंधाची वही सोबत आणली होती, त्यात शीर्षकाशिवाय काही नव्हतं. गहू पुन्हा पोटरीत. सकाळी नत्थूकाका आले. केस पिकलेत, सायकल तीच. बाबा वावरात होते. माय म्हणाली, तू कर सही, तुले येते. नत्थूकाकांनी तेच लाल पाठीचं रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि ते चहाकडं वळले.

मी मागची पानं चाळली. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित ती पहिली सही पाहायची होती. ती सापडली, वाकडी, गाठ जरा सैल. आणि पुढच्या वर्षीची सापडली. त्याच्या पुढचीही. प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक पाळीला, लक्ष्मण, लक्ष्मण, लक्ष्मण. दर वर्षी अक्षर सुधारत गेलं होतं. शेवटची सही इतकी सराईत होती, की पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाला पाणी कधी कमी पडलंच नाही.

मी नत्थूकाकांना विचारलं, पाणी कधी सुटणार. मंगळवारी, म्हणाले. मग आज सही कशी, असं मी विचारल्यावर त्यांनी कपबशी खाली ठेवली.

“मी तरी काय करू, बाई. वरतून म्हनते, टेलपर्यंत पानी गेलं असं लिवून आना. माह्या हाती गेट हाये का? गेटाची चाबी बी नाई माह्यापाशी. मले सायकल देल्ली अन् हे पुस्तक.”

तेवढ्यात बाबा आले. हातपाय धुतले. माझ्या मांडीवरचं उघडं पान त्यांनी पाहिलं आणि काय झालं ते त्यांना समजलं. मी त्यांच्याशी इतक्या मोठ्या आवाजात कधी बोलले नव्हते.

“इतक्या सह्या काऊन केल्या, बाबा? तुम्ही मले म्हनलं होतं ना?”

ते माझ्यासमोर बसले. अंगावरच्या दुपट्ट्यानं हात कोरडे करत राहिले, कोरडे झाल्यावरही.

“नाई केली तं ते लिवते, टेलवर मागनीच नाई. बाजूच्या त्या वस्तीचं तसंच झालं. त्यायची पाटचारी बुजली आता. पानी नाई येत, बाई, पन कागदावर नाव तं येते. नाव असलं तं एखाद्या साली पानी बी येईन.”

  मला वाटत होतं, त्यांना फसवलं जातं आहे आणि त्यांना कळत नाही. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. फसणं आणि पुसलं जाणं यांतलं एक निवडायचं होतं, ते त्यांनी निवडलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मी वर्ध्यात शिकत होते. राग कोणावर काढावा हेच कळेना. नत्थूकाकांवर? त्यांच्यापाशी तर गेटाची चावीही नव्हती. साहेब बदलून गेलेले. धरण तर तिथं शांत उभंच आहे, बाबांच्या टोपल्यातल्या मातीसकट.

बाबांनी रजिस्टर ओढून घेतलं. पेन मागितला. गाठ मारली, रेघ मारली. मग मी म्हटलं, बाबा, खाली तारीख टाका.

आकडे त्यांना येतात. बाजारातले, एसटीवरचे. “आज किती?” त्यांनी विचारलं. मी सांगितली. त्यांनी ती सहीखाली लिहिली, दिवस, महिना, वर्ष, एकेक आकडा सुटा.

नत्थूकाका वाकून पाहत होते. “लक्ष्मनभाऊ, तारीख काऊन टाकली? इथं कोनी तारीख टाकत नाई. पानी तं मंगळवारी सुटून राह्यलं.”

“सुटू द्या मंगळवारी,” बाबा म्हणाले. “सही मी आज केली. आजचीच टाकीन ना.”

नत्थूकाकांनी रजिस्टर स्वतःकडं ओढलं. मला वाटलं ते पान फाडतील, किंवा वर शाई सांडतील. त्यांनी फुंकर मारून आकडे वाळवले, रजिस्टर मिटलं आणि कॅरियरला बांधलं. जाताना मला म्हणाले, परीक्षा नीट देजो. सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघं अंगणात उभे होतो. ते पान कोणी उघडून पाहील का, मला माहीत नाही. बहुधा नाही.

मी कॉलेज बुडवून मंगळवारी थांबले. बुधवारीही. नहर सुटल्याचं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सांगितलं; पुलावर काठोकाठ आहे, म्हणाले. गुरुवारी सकाळी आमच्या पाटचारीत यंदाच्या दुसऱ्या पाळीचा गाळ तसाच होता, वाळलेला, गुळगुळीत, पाटीसारखा. बाबा तिच्यात उतरून बसले होते. हातात तुराटी होती, तुरीची वाळली काडी. मला पाहून म्हणाले, “बाई, सहीले बारा दिवस लागले होते. ‘पानी आलं नाई’ हे लिवाले किती लागन?”

मी खाली उतरले. गाळात मी लिहून दाखवलं, त्यांनी त्याच्याखाली लिहिलं. ‘आलं’मधला ‘आ’ त्यांना जड गेला, तो त्यांनी चार वेळा काढला. दुपारच्या बसची वेळ झाली, तेव्हा मी उठले. ते लिहीतच होते, एका ओळीखाली एक, आमच्या धुऱ्याकडून वरच्या मोरीकडं सरकत.

आज शनिवार. वही उघडून बसले आहे. मायचा निरोप आला, की गव्हाची पानं वळायला लागली आहेत, आणि पाटचारीतली बाबांची अक्षरं अजून जशीच्या तशी आहेत. एकही पुसलेलं नाही.